लोकस सेरुलियसवर पेप्टाइड टाकताना: कुपीपासून आकड्यांपर्यंत

पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, कुपी फ्रीजरमधून काढून लगेच उघडली, तर तुमचा प्रयोग तिथेच अर्धा बिघडला असं समजा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या बाजूला तर नक्कीच. थंड काचेत हवेतली वाफ शिरते, पांढरी भुकटी ओल धरते आणि पुढचे तीन महिने तुम्ही न्यूरॉनला दोष देत बसता.

हे अनुभवाचे बोल आहेत. सुरुवातीला सलग तीन आठवडे माझ्या पेशी एन्केफॅलिनला, म्हणजे मेंदूतल्याच अफूसारख्या पेप्टाइडला, दाद देत नव्हत्या. मी अँप्लिफायर तपासला, ग्राउंडिंग बदललं, रात्री लिफ्ट बंद असताना रेकॉर्डिंग करून पाहिलं. दोष निघाला दोन ठिकाणी. एक नळीत आणि दुसरा माझ्या डोळ्यांत. दोन्ही पुढे येतील. तेव्हापासून माझा एक नियम आहे: ‘परिणाम नाही’ असं दिसलं की आधी नळीवर संशय घ्यायचा, मग बाटलीवर आणि सगळ्यात शेवटी मेंदूवर.

ज्यांना ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, जिवंत स्लाइसवर, म्हणजे पातळ कापावर, न्यूरोपेप्टाइड (चेतापेशींमधला निरोप नेणारं पेप्टाइड) टाकून चेतापेशीचं फायरिंग, म्हणजे विजेचे ठोके, कसे बदलतात हे पहिल्यांदाच पाहायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पॅच-क्लँपची, म्हणजे काचेच्या बारीक नळीने एका पेशीचा विद्युतप्रवाह मोजण्याची, तोंडओळख आहे असं गृहीत धरलं आहे.

जागा कोणती निवडायची

शिकण्यासाठी लोकस सेरुलियससारखी जागा नाही. नावाचा अर्थ ‘निळी जागा’. माणसाच्या मेंदूत ती रंगद्रव्यामुळे निळसर दिसते, उंदरात मात्र निळं काही शोधू नका. चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) कडेला, पॉन्स या मेंदूच्या देठाच्या भागात वरच्या बाजूला हा पेशींचा छोटा पुंजका असतो. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरात, ज्याला आपण सरळ रॅट म्हणतो, एका बाजूला जेमतेम दीड हजार पेशी. पण त्यांचे तंतू कॉर्टेक्सपासून मज्जारज्जूपर्यंत पोचतात.

प्रयोगाच्या दृष्टीने तिचे गुण तीन. स्लाइसमध्ये बाहेरचं काहीही न लागता या पेशी स्वतःच घड्याळासारख्या ठोके देतात, साधारण सेकंदाला अर्ध्यापासून तीनपर्यंत. म्हणजे वेग वाढला तर दिसतो आणि थांबला तरी दिसतो. दुसरं, जवळपास सगळ्या पेशी एकाच जातीच्या, नॉरअॅड्रेनालिन बनवणाऱ्या. आणि तिसरं, एकाच पेशीवर वेगवेगळी पेप्टाइड्स विरुद्ध दिशेने काम करतात. मेट-एन्केफॅलिन, सोमॅटोस्टॅटिन, गॅलानिन तिला गप्प करतात. ओरेक्सिन, सब्स्टन्स पी, कॉर्टिकोट्रोपिन-रिलीझिंग फॅक्टर तिला चेतवतात.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा. ‘हे पेप्टाइड उत्तेजक, ते शामक’ असं लेबल लावायची सवय सोडा. पेप्टाइड म्हणजे फक्त चिठ्ठी, ती वाचणारा रिसेप्टर आणि त्याच्या हुकमातला चॅनेल काय करायचं ते ठरवतो. लोकस सेरुलियसमध्ये एन्केफॅलिन म्यू या ओपिऑइड (अफूसारख्या द्रव्यांच्या) रिसेप्टरला चिकटतं, जी-प्रोटीनचा बीटा-गॅमा तुकडा सुटतो, एक खास पोटॅशियम चॅनेल उघडतो आणि पोटॅशियम बाहेर पडल्याने पेशी ऋण होऊन थांबते. सब्स्टन्स पी आणि ओरेक्सिन दुसऱ्या कुळातल्या जी-प्रोटीनमार्फत उलटं करतात: पोटॅशियमची गळती कमी करतात आणि धन आयन आत येण्याची वाट मोकळी करतात. पहिला परिणाम सेकंदांत उभा राहतो. दुसरा रेंगाळत चढतो आणि औषध धुऊन गेल्यावरही मिनिटन्‌मिनिटं टिकतो. हा वेगातला फरक लक्षात ठेवा. प्रयोगाची वेळापत्रकं त्यावरच बेतायची आहेत.

कुपी उघडण्यापूर्वी

कुपी डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किमान अर्धा तास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि कापसासारखी हलकी असल्याने उघडताच उडते.

आता हिशोब. कुपीवर लिहिलेलं वजन हे निव्वळ पेप्टाइडचं नसतं. त्यात पाणी असतं आणि शुद्धीकरणातून आलेले क्षार असतात, बहुधा ट्रायफ्लुरोअॅसिटेट. सोबतच्या कागदावर निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण दिलेलं असतं, तो कागद फेकू नका. उदाहरण घेऊ. सब्स्टन्स पीचा रेणुभार १३४७.६. कुपीत १ मिलिग्रॅम आणि निव्वळ प्रमाण ७८ टक्के असेल, तर पेप्टाइड ०.७८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५७९ मायक्रोमोल. १ मिलिमोलर साठा हवा असेल तर ५७९ मायक्रोलिटर पाणी घालायचं. सरळ १ मिलिग्रॅम धरून ७४२ मायक्रोलिटर घातलं असतं, तर प्रत्येक डोस जवळजवळ पावपट कमी पडला असता.

विरघळवायला निर्जंतुक पाणी बहुतेकदा पुरतं. हट्टी पेप्टाइडला अगदी सौम्य अॅसेटिक आम्ल लागतं. मीठ असलेल्या द्रावणात थेट टाकू नका. मग १० ते २० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून −८० अंशांना ठेवा. एक भाग, एक दिवस. वितळवलेला पुन्हा गोठवायचा नाही. सब्स्टन्स पीच्या टोकाला मेथायोनिन आहे आणि मेट-एन्केफॅलिनच्याही. ते हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतं. ओरेक्सिन-एमध्ये ३३ अमिनो आम्लं आणि दोन डायसल्फाइड बंध आहेत, त्यामुळे ते बंध तोडणारं डायथायोथ्रायटॉलसारखं काही त्याच्या जवळपासही नको.

आता चिकटण्याचा प्रश्न. पेप्टाइड काचेला आणि प्लास्टिकला चिकटतं, आणि द्रावण जितकं पातळ तितका चिकटून जाणारा हिस्सा मोठा. मिलिमोलर साठ्यात हे जाणवत नाही, ३० नॅनोमोलरला मात्र बाटलीतच निम्मं राहू शकतं. म्हणून कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा, अंतिम द्रावण वापरायच्या अगदी आधी बनवा आणि त्यात ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला. मग तेवढंच अल्ब्युमिन कंट्रोल द्रावणातही हवं. अल्ब्युमिन घातलं की कार्बोजेनच्या (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाच्या) बुडबुड्यांनी फेस येतो, ताकासारखा. बुडबुडे हळू सोडा.

माझा पहिला दोष इथला. मी लांबलचक सिलिकॉन नळी वापरत होतो आणि रोज नवी बदलत होतो, स्वच्छतेच्या हौसेपायी. दर वेळी कोरी नळी पेप्टाइड पिऊन टाकायची.

परवानगी

भारतात पृष्ठवंशीय प्राण्यावर असा प्रयोग करण्याआधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते. वर देखरेख करणारी केंद्रीय समिती १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येते. अर्जात प्राण्यांची संख्या विचार करून लिहा. एका रॅटमधून लोकस सेरुलियसचे उपयोगी असे दोन-तीनच काप मिळतात, आणि पुढे सांगितलेल्या कारणांमुळे कित्येकदा एका कापावर एकच डोस देता येतो. तेव्हा संख्या पेशींवरून काढू नका, कापांवरून काढा.

स्लाइस

रेकॉर्डिंगचं द्रावण, सगळं मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १२६, पोटॅशियम क्लोराइड २.५, मॅग्नेशियम क्लोराइड १.२, कॅल्शियम क्लोराइड २.४, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२, सोडियम बायकार्बोनेट २१.४, ग्लुकोज ११. आधी ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण दहा-पंधरा मिनिटं सोडा, मगच कॅल्शियम घाला. उलट केलंत तर द्रावण दुधाळ होईल. ते ओतून द्या, गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका.

ब्रेनस्टेम कापणं हे कॉर्टेक्स कापण्यापेक्षा अवघड. पांढऱ्या तंतूंचे गठ्ठे आडवेतिडवे जातात आणि ब्लेड अडखळलं की आजूबाजूच्या पेशी चिरडतात. व्हायब्रेटोमचं, म्हणजे थरथरत्या पात्याने काप घेणाऱ्या यंत्राचं, पातं अगदी सावकाश पुढे सरकवा. जाडी २५० ते ३०० मायक्रोमीटर. कापताना आणि नंतर सावरतानाच्या द्रावणात ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरला रोखणारं एमके-८०१, १० मायक्रोमोलर, घातलं की पेशी जास्त वाचतात. मोठ्या वयाच्या प्राण्यासाठी सोडियमऐवजी एन-मिथाइल-डी-ग्लुकामाइन वापरतात. काप ३२ ते ३४ अंशांत निदान ४५ मिनिटं विसावू द्या.

आडवा काप घेतला तर चौथ्या व्हेंट्रिकलच्या शेजारी एक अर्धपारदर्शक पट्टा दिसतो. तेच आपलं ठिकाण.

योग्य पेशी ओळखणं

आता माझा दुसरा दोष. लोकस सेरुलियसला अगदी खेटून मेसेन्सेफॅलिक ट्रायजेमिनल केंद्रकाच्या पेशी असतात. गोल, टपोऱ्या, चकचकीत, ३० ते ५० मायक्रोमीटरच्या. नवख्या माणसाचं इलेक्ट्रोड आपोआप त्यांच्याकडेच जातं, कारण बाजारातल्या सगळ्यात लालबुंद टोमॅटोसारख्या त्या सहज नजरेत भरतात. सीलही झकास बसतं. पण त्या जबड्याच्या स्नायूंकडून संवेदना आणणाऱ्या पेशी. आपणहून फायर करत नाहीत आणि ओपिऑइडला पोटॅशियम प्रवाहाचं उत्तरही देत नाहीत. मी असल्या सुंदर, मुक्या पेशींवर एन्केफॅलिन ओतत होतो.

ओळखीच्या खुणा: आकार मध्यम, अनेक फांद्या, आपोआप आणि नियमित फायरिंग. ऋण दिशेने व्होल्टेज नेलं की आतल्या दिशेने सहज वाहणारा प्रवाह. ट्रायजेमिनल पेशीला त्याच परीक्षेत मोठा, सावकाश चढणारा प्रवाह येतो. आणि शेवटची खात्री: प्रयोग संपताना अल्फा-२ रिसेप्टरला चेतवणारं औषध, उदाहरणार्थ क्लोनिडिन, द्या. लोकस सेरुलियसची पेशी बाहेर जाणारा पोटॅशियम प्रवाह दाखवेल. गंमत म्हणजे अल्फा-२ आणि म्यू हे दोन्ही रिसेप्टर एकाच चॅनेलच्या साठ्याला हात घालतात. एकाने चॅनेल पुरते उघडले की दुसऱ्याला उघडायला फारसे उरत नाहीत. ओपिऑइड बंद केल्यावर उसळणारा या पेशींचा गोंधळ क्लोनिडिनने का शमतो, याचं एक उत्तर इथेच आहे.

रेकॉर्डिंग कसलं करायचं

फक्त ‘वेग बदलतो का’ हा प्रश्न असेल तर सेल-अटॅच्ड पद्धत घ्या, म्हणजे पेशीचं आवरण न फोडता नळी नुसती बाहेरून टेकवलेली, सैल सीलवाली. पेशीचं आतलं द्रव्य जागच्या जागी राहतं, त्यामुळे रिसेप्टरपासून चॅनेलपर्यंतची साखळी शाबूत असते. नवशिक्यांना सुरुवातीलाच होल-सेल, म्हणजे आवरण फोडून नळी पेशीच्या आतल्या भागाशी जोडणं, करायचा मोह होतो, कारण ते जास्त ‘भारी’ वाटतं. पेप्टाइडच्या बाबतीत मला ते पटत नाही. आधी न धुतलेल्या पेशीचं उत्तर पाहा, मग आत शिरा.

यंत्रणा शोधायची असेल तर होल-सेल, व्होल्टेज −६० मिलिव्होल्टला धरून. आतल्या द्रावणात एटीपी आणि जीटीपी दोन्ही विसरू नका, जीटीपी नसेल तर जी-प्रोटीनचं काम काही मिनिटांत मंदावतं. कॅल्शियम बांधणारं बाप्टा भरपूर घातलं तर ओरेक्सिन किंवा सब्स्टन्स पीचं उत्तर बोथट होऊ शकतं. एन्केफॅलिनच्या पोटॅशियम प्रवाहाला तेवढा फरक पडत नाही.

तापमान ३४ अंशांच्या आसपास स्थिर हवं. मे महिन्यात खोलीचं तापमान दुपारी आणि संध्याकाळी वेगळं असतं आणि या पेशींचा ठोका तापमानासोबत सरकतो. हीटरशिवाय केलेल्या नोंदींवर विश्वास ठेवू नका.

पेप्टाइड देणं

सगळ्यात आधी, कुठलाही काप न ठेवता, खाण्याचा रंग नळीतून सोडा आणि घड्याळ लावा. झडप फिरवल्यापासून चेंबर रंगायला किती वेळ आणि पूर्ण निवळायला किती वेळ. नळीत २ मिलिलिटर द्रावण आणि वेग मिनिटाला २ मिलिलिटर असेल तर पहिलं मिनिट नुसतं वाहतुकीत जातं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तो वजा न करता ‘परिणाम ९० सेकंदांनी सुरू झाला’ असं लिहिणारे बरेच आहेत.

क्रम असा ठेवा. पाच ते दहा मिनिटं शांत नोंद. ठोक्याचा वेग या काळात सरकत असेल तर ती पेशी सोडा, कितीही जीव जडला तरी. मग नुसतं वाहक द्रावण, त्याच अल्ब्युमिनसह, त्याच नळीतून. काही पेशी झडप फिरल्याच्या दाबानेच दचकतात, ते इथे कळतं. मग पेप्टाइड.

मेट-एन्केफॅलिन १० मायक्रोमोलर दिलं तर निरोगी पेशी झटकन थांबते आणि धुतल्यावर काही मिनिटांत परत ठोके देते. हे माझं रोजचं पहिलं औषध, देवापुढे दिवा लावावा तसं. हे चाललं तर नळी, पेशी, तापमान सगळं ठीक. डोस एवढा मोठा का? कारण कापातले पेप्टिडेज एन्झाइम एन्केफॅलिनला वाटेतच तोडतात. बेस्टॅटिन आणि थायोर्फन ही रोधकं घातली की तेच काम कितीतरी पट कमी डोसला होतं. म्हणून रोधकांशिवाय काढलेला डोस-आलेख हा रिसेप्टरचा आलेख नसतो, एन्झाइम आणि रिसेप्टर दोघांचा मिळून असतो. न तुटणारं बनावट ओपिऑइड पेप्टाइड, डॅमगो, वापरता येतं, पण ते धुऊन निघायला वेळ घेतं.

ओरेक्सिन-ए ३० ते ३०० नॅनोमोलर, सब्स्टन्स पी १०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर. दोन्हींना घाई करू नका. तीन-चार मिनिटं द्या, वीस मिनिटं धुवा. सब्स्टन्स पीचा एनके-१ रिसेप्टर पेप्टाइड चिकटल्यावर पेशीच्या आत ओढला जातो, त्यामुळे त्याच कापावर दुसरा डोस दिला तर छोटं उत्तर मिळेल आणि तुम्ही त्याला काहीतरी गहन नाव द्याल. एक काप, एक डोस. एन्केफॅलिनलाही मोठा डोस दहा मिनिटं चालू ठेवला तर प्रवाह शिखरावरून घसरत जातो. तो डिसेन्सिटायझेशनचा, म्हणजे रिसेप्टर बधिर होण्याचा, स्वतंत्र अभ्यास आहे, पण वेगळं काही मोजताना तो अडथळा ठरतो.

थेट की शेजाऱ्यामार्फत?

वेग वाढला म्हणजे पेप्टाइडने याच पेशीला चेतवलं, हे सिद्ध होत नाही. कदाचित तिला दाबणाऱ्या शेजारच्या गाबा पेशीला (गाबा हे शामक रसायन सोडणाऱ्या पेशीला) गप्प केलं असेल. होल-सेलमध्ये सोडियम चॅनेल बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन ०.५ ते १ मायक्रोमोलर घाला. प्रवाह तसाच राहिला तर परिणाम बहुधा थेट. फायरिंग मोजत असाल तर टेट्रोडोटॉक्सिन चालणार नाही, ते ठोकेच बंद करेल. तिथे ग्लुटामेट, गाबा आणि ग्लायसिनच्या रिसेप्टरचे रोधक एकत्र द्या.

मग रिसेप्टर. त्याचा रोधक वापरा: एन्केफॅलिनला नॅलॉक्सोन १ मायक्रोमोलर, ओरेक्सिनला एसबी-३३४८६७. रोधक आधी एकटा द्या. त्यानेच वेग बदलला तर काहीतरी आधीच चालू होतं. त्यानंतर पेप्टाइड. निष्क्रिय जुळं पेप्टाइड मिळालं तर उत्तम: एन्केफॅलिनच्या सुरुवातीचं टायरोसिन काढून टाकलं की ते म्यू-रिसेप्टरला ओळखीचं राहत नाही.

चॅनेलसाठी व्होल्टेज-रॅम्प घ्या, म्हणजे व्होल्टेज एकसारखं सरकवत प्रवाह मोजा, पेप्टाइडआधी आणि दरम्यान, आणि वजाबाकी करा. बाहेर २.५ आणि आत १४० मिलिमोलर पोटॅशियम असताना ३४ अंशांना समतोल बिंदू सुमारे −१०७ मिलिव्होल्ट येतो. बाहेरचं पोटॅशियम ६.५ केलं की तो −८१ च्या आसपास सरकायला हवा. सरकला तर प्रवाह पोटॅशियमचा. बेरियम १०० ते २०० मायक्रोमोलरने तो दबला तर आणखी खात्री. आतल्या द्रावणात जीटीपी-गॅमा-एस, म्हणजे न तुटणारं जीटीपी, घालून परिणाम कायमचा अडकला तर जी-प्रोटीनचा पुरावा.

एक खोच इथे आहे. कोवळ्या वयात या पेशी एकमेकींना गॅप जंक्शनने, म्हणजे प्रवाह थेट जाऊ देणाऱ्या छिद्रांनी, जोडलेल्या असतात. तुम्ही एकीचं व्होल्टेज धरता, शेजारणी मोकळ्याच, त्यामुळे समतोल बिंदू हिशोबापेक्षा जास्त ऋण दिसतो. पुस्तकी आकड्याशी जुळत नाही म्हणून चांगला डेटा फेकू नका. आधी प्राण्याचं वय पाहा.

आकडे

ठोके १० सेकंदांच्या खान्यांत मोजा. आधीची पाच मिनिटं आणि परिणामाची दोन मिनिटं कुठली घ्यायची, हे प्रयोगाआधी ठरवून लिहून ठेवा. नंतर ‘सगळ्यात छान दिसणारी’ दोन मिनिटं निवडायला कोणाचाही हात शिवशिवतो. टक्क्यांवर भाळू नका: ०.५ चे १.५ झाले तर २०० टक्के वाढ, ३ चे ४ झाले तर ३३, आणि दोन्हीकडे वाढ एका ठोक्याचीच. दोन्ही प्रकारे मांडा. एकाच कापातल्या चार पेशी म्हणजे चार स्वतंत्र पुरावे नव्हेत, जोडलेल्या असतील तर मुळीच नाही. नमुनासंख्या प्राण्यांची सांगा, पेशींची त्याखाली. आणि शक्य असेल तर कुपीवर क्रमांक दुसऱ्याकडून टाकून घ्या, म्हणजे मोजताना आत काय होतं ते तुम्हाला ठाऊक नसेल.

१९७५ मध्ये अॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूझ आणि हान्स कोस्टरलित्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन ओळखलं, तेव्हा त्यांची मोजपट्टी होती उंदराच्या शुक्रवाहिनीचं आणि गिनीपिगच्या आतड्याचं आकुंचन. अर्क टाकला की आकुंचन मंदावायचं, नॅलॉक्सोन टाकलं की परत यायचं. रोधकाने परत आणून दाखवणं, ही कसोटी तेव्हापासून तीच आहे.

दिवस संपताना

नॅलॉक्सोन नळीत रेंगाळतं. गरम पाणी, मग थोडा इथेनॉल, मग पुन्हा भरपूर पाणी, निदान वीस मिनिटं. रोधकांची नळी आणि पेप्टाइडची नळी वेगळी ठेवा, रंगीत चिकटपट्टी लावून. उद्या सकाळी पहिल्या पेशीवर एन्केफॅलिन चाललं नाही, तर आज शेवटी कुठली झडप उघडी होती ते आधी वहीत बघा.